पटावरचे प्रश्न : १४ दिवसांची मुदत नेमकी कोणाची?

ऑनलाइन पत्रबुद्धिबळ, म्हणजे प्रत्येक चालीसाठी काही दिवसांची मुदत असलेले बुद्धिबळ, खेळणाऱ्या वाचकांची या महिन्यात आलेली तीन पत्रे संथ प्रतिस्पर्ध्यांविषयीच आहेत, म्हणून या वेळी तीच उत्तरासाठी घेतली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून नाशिकरोडला राहतो. आपल्या नाशिकच्या ग्रँडमास्टर विदित गुजराथीचे डाव पाहता पाहता अनेक वर्षांनी पुन्हा बुद्धिबळाकडे वळलो आणि लिचेस या संकेतस्थळावर दर चालीला १४ दिवसांच्या मुदतीचा डाव सुरू केला. मी बहुधा त्याच दिवशी उत्तर देतो. प्रतिस्पर्धी मात्र प्रत्येक वेळी तेराव्या दिवशी चाल करतो. पाच महिन्यांत १२ चाली झाल्या आहेत. हा गृहस्थ त्याच संकेतस्थळावर रोज पाच-पाच मिनिटांचे डाव खेळताना दिसतो. मी दोनदा ‘कृपया लवकर खेळावे’ असा निरोप पाठवला, त्यालाही उत्तर नाही. हा शिष्टाचाराचा भंग नव्हे काय?

उत्तर : आपली तगमग मला समजते, तरीही हा शिष्टाचाराचा भंग आहे असे मला म्हणता येणार नाही. १४ दिवसांची मुदत आपण दोघांनी डाव सुरू होण्यापूर्वीच मान्य केली आहे आणि तेरावा दिवस त्या मुदतीच्या आतच येतो. आपण त्याच दिवशी उत्तर देता ही आपली आवड झाली. तिच्यामुळे समोरच्यावर कोणतेही बंधन येत नाही.

त्याचे झटपट डाव पाहून आपल्याला अपमान झाल्यासारखे वाटते, परंतु पाच मिनिटांचा डाव आणि पत्रबुद्धिबळातील चाल ही दोन निराळ्या प्रकारची कामे आहेत. दिवसभराच्या कामानंतर विरंगुळा म्हणून पहिला खेळता येतो. दुसरीसाठी विश्लेषणाचा पट मांडून, जुने डाव चाळून, निवांत बसावे लागते. शिवाय एकाच वेळी २५-३० डाव चालवणारे खेळाडू पुष्कळ असतात आणि ज्या डावाची मुदत आधी संपते तो डाव ते आधी उघडतात. एक किंवा तीन दिवसांचे डाव अशा वेळी सतत वर येतात आणि १४ दिवसांचा डाव तळाशी राहतो. त्याची चाल तेराव्या दिवशी येण्याचे कारण बहुधा एवढेच असावे, त्यात आपल्याविषयीचा आकस शोधू नये.

मुदत स्वीकारताना आपण जे गणित केले नाही ते आता करून पाहा. दोघांनी पूर्ण मुदत वापरली, तर ४० चालींच्या डावाला १,१२० दिवस, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. तीन दिवसांच्या मुदतीत तोच डाव जास्तीत जास्त २४० दिवसांत, म्हणजे आठ महिन्यांत संपेल. लिचेसवर वाचलेले दिवस पुढच्या चालीसाठी शिल्लक राहत नाहीत. आयसीसीएफ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांची रचना वेगळी आहे. तेथे अनेक ठिकाणी १० चालींसाठी मिळून ५० दिवस देतात आणि वाचलेला वेळ साठत जातो; शिवाय एकाच चालीवर २० दिवसांहून अधिक काळ घेतल्यास पुढचा काळ दुप्पट धरण्याचा नियमही अनेक स्पर्धांत असतो. संथपणाची किंमत संथ खेळाडूनेच मोजावी, ही त्यामागची व्यवस्था मला फार न्याय्य वाटते.

चाली टपालाने पाठवण्याच्या काळात पत्र प्रवासात असताना कोणाचेच घड्याळ चालत नसे आणि वाद झाल्यास टपालाचा शिक्का पाहिला जाई. त्या खेळाची मूळ चालच संथ होती. १९८७ मध्ये सुरू झालेल्या दहाव्या पत्रबुद्धिबळ ऑलिम्पियाडची अंतिम फेरी १९९५ मध्ये संपली, तेव्हा पूर्व जर्मनीला कांस्यपदक मिळाले. तो देश १९९० मध्येच नकाशावरून गेला होता.

निरोपांविषयी स्पष्टच सांगतो : ‘लवकर खेळा’ असे लिहिणे योग्य नव्हते. डावाच्या आरंभी नमस्कार करावा, आपण कोठून खेळतो ते सांगावे आणि समोरच्याने संवाद वाढवला तर आपणही वाढवावा. त्याने मौन पाळले तर ते मान्य करावे. जेथे प्रतिस्पर्ध्याचे उत्तर जवळजवळ ठरलेले आहे, तेथे जर-तर चाली आधीच नोंदवून ठेवण्याची सोय वापरा. त्याने अपेक्षित चाल करताच आपली चाल आपोआप पटावर येते आणि डाव थोडा तरी पुढे सरकतो. हा डाव तक्रार न करता पूर्ण करा आणि पुढचा तीन दिवसांच्या मुदतीने मांडा.

प्रश्न : माझ्याकडे एक हत्ती आणि दोन प्यादी अधिक आहेत. हत्ती जाईपर्यंत प्रतिस्पर्धी त्याच दिवशी उत्तर देत होता, आता मात्र प्रत्येक चाल मुदतीच्या शेवटच्या तासात येते. त्याला डाव सोडण्यास सुचवावे काय? (वाचक, सिडको)

उत्तर : सुचवू नये. त्याचे हे वागणे मात्र निःसंशय अशिष्ट आहे. वेळ विचारासाठी दिलेला असतो. येथे तो पराभव पुढे ढकलण्यासाठी वापरला जात आहे. हा प्रकार इतका जुना आहे की पत्रबुद्धिबळाच्या जगात त्याला ‘डेड मॅन्स डिफेन्स’ असे नावच पडले आहे. स्पर्धेचा डाव असेल तर संचालकांना चालींच्या तारखांसह कळवा. मैत्रीपूर्ण डाव असेल तर शांतपणे मात करा. ‘अमिकी सुमुस’, म्हणजे ‘आपण मित्र आहोत’, हे आयसीसीएफचे ब्रीद त्याने पाळले नाही, तरी आपण पाळावे.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत मला रोज पट उघडणे जमत नाही. माझ्यामुळे समोरच्याला ताटकळावे लागते याची लाज वाटते. मी खेळणे थांबवावे काय?

उत्तर : मुळीच थांबवू नका. आपल्यासारख्यांसाठीच तर लांब मुदतीचे डाव असतात. छाटणीपूर्वी नवे डाव घेणे बंद करा, हातातले दोन-तीनच ठेवा आणि त्या प्रतिस्पर्ध्यांना आधीच एक ओळ लिहा : ‘बागेचे काम सुरू होत आहे, मार्चपर्यंत मी आठवड्यातून एकदाच खेळू शकेन.’ कारण कळले की वाट पाहणे जड जात नाही, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. चेस डॉट कॉमवर रजेची सोय आहे, ती घेतल्यास घड्याळ थांबते. लिचेसवर तशी सोय नसल्याने तेथे सात दिवसांहून कमी मुदत घेऊच नका. जो डाव हरल्यात जमा आहे तो छाटणीपूर्वी सोडून द्या, म्हणजे आपल्या मोजक्या संध्याकाळी ज्या डावांत अजून जीव आहे त्यांच्यासाठी राहतील.