वाचक विचारतात : आत शिरलो, आता टिकायचं कसं?

प्रश्न : आम्ही थंड पद्धतीने साबण बनवतो. एका मोठ्या साखळी दुकानाने माल घ्यायचं कबूल केलंय. उधारी ६० दिवसांची आणि पहिली ऑर्डर आमच्या महिन्याच्या विक्रीच्या दुप्पट. हो म्हणावं का?

उत्तर : आधी पैशाचा हिशेब मांडा. ६० दिवसांची उधारी सहसा ६० दिवसांत मिटत नाही. मुदत माल उतरल्यापासून नव्हे, तर बिल मंजूर झाल्यापासून मोजतात. बिल माल मिळाल्याच्या पावतीशी ताडून पाहतात आणि पैसे महिन्यातल्या ठरलेल्या तारखांनाच सोडतात. म्हणून ७५ दिवस धरा. तुमचा साबण वाळून पक्का व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणजे तेला-अल्कलीचे पैसे माल पोचण्याच्या साधारण ४५ दिवस आधीच गेलेले असतात. ४५ आणि ७५ मिळून १२० दिवस, म्हणजे चार महिने. महिन्याला १०० चा माल आणि त्याला खर्च ७० असेल, तर २८० अडकून पडणार. ऑर्डर दुप्पट झाली की ५६०. नफ्यात चाललेले धंदे मोठी ऑर्डर मिळाल्यावर बंद पडतात, ते याच खड्ड्यात.

तेव्हा नाही म्हणू नका, पण ऑर्डर लहान करून मागा. पहिले तीन महिने मोजकीच दुकानं घ्या. मुदत माल उतरल्याच्या तारखेपासून मोजायची, हे लिहून घ्या. न खपलेला माल किती टक्क्यांपर्यंत आणि किती दिवसांत परत येईल, त्याचं वाहतूकभाडं कोण देणार, हेही लेखी हवं. हे मोघम राहिलं तर काही महिन्यांनी डेबिट नोट, म्हणजे तुमच्या नावे वसुलीचा कागद, येते आणि रक्कम पुढच्या बिलातून परस्पर कापली जाते.

आता वेष्टन. बारकोड वाचला गेला नाही तर माल गोदामाच्या दारातूनच परत येऊ शकतो. १३ अंकी बारकोडचा मूळ आकार ३७.२९ × २५.९३ मिमी असतो आणि तो ८० टक्क्यांपर्यंतच लहान करता येतो. मूळ आकारात डावीकडे ३.६३ आणि उजवीकडे २.३१ मिमी जागा कोरी लागते. मजकूर बसत नाही म्हणून डिझायनर नेमकी तीच कापतो. पांढऱ्यावर लाल रेघाही नकोत. बहुतेक स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला त्या रेघा दिसतच नाहीत. वेष्टनावर वजन घालताना वाळलेल्या वडीचं घाला. ओल्या वडीचं घातलंत तर पाणी उडून गेल्यावर प्रत्येक वडी कमी भरेल आणि पूर्ण खेप नाकारली जाईल.

प्रश्न : आम्ही नोकरीच्या अर्जावरची नावं झाकून निवड करतो. पूर्वी आमच्याकडे न येणारी माणसं आता येतात, पण वर्षभरात सोडून जातात. असं का?

उत्तर : नावं झाकणं योग्यच आहे. मरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांच्या २००४ च्या अभ्यासात बोस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले होते. गोऱ्या माणसांची वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीयांची वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. पण नाव झाकून फक्त पहिलं दार उघडतं. गेल्या सहा महिन्यांत ग्राहकासमोरचं काम कोणाला मिळालं, बैठकीचं इतिवृत्त कोण लिहीत बसलं, याची नावानिशी यादी करा. बढती कोणत्या कामावरून ठरते ते त्या यादीशेजारी लिहा. गळतीचं कारण बहुधा त्याच कागदावर दिसेल.

प्रश्न : मी चाकाची खुर्ची वापरते. नोकरीचं पत्र आलंय. "आमच्याकडे सगळी सोय आहे," असं कार्यालय म्हणतं. रुजू होण्याआधी काय तपासू?

उत्तर : असं सांगणाऱ्याने बरेचदा फक्त मुख्य दार पाहिलेलं असतं. मापं आणि फोटो मागवा. उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. १५ सेंमीच्या पायरीला १८० सेंमी लांबीचा उतार लागतो. दाराची मोकळी रुंदी निदान ८० सेंमी हवी. ती चौकटीवरून मोजू नका. दार ९० अंशांत उघडून, पल्ल्यापासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. पल्ल्याची जाडी आणि बिजागऱ्या मिळून काही सेंमी खातात. स्वच्छतागृहात खुर्ची वळायला १५० सेंमी व्यासाची जागा लागते आणि दार बाहेर उघडायला हवं, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार अडकतं. तिथे बादल्या-झाडू ठेवलेत का, तेही विचारा. टेबलाखाली गुडघ्यांना सुमारे ७० सेंमी उंची मोकळी हवी. खणांची पेटी काढायला सांगा.

मग बैठकीची खोली, प्रशिक्षणाचं दालन आणि चहाची जागा कोणत्या मजल्यावर आहे ते पाहा. कामाच्या निम्म्या गोष्टी तिथे ठरतात. हे मागताना संकोच नको. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराच्या कलम २७ मध्ये कामाच्या ठिकाणी वाजवी सोय मिळण्याची तरतूद आहे.

सगळ्यात जास्त राहून जातो तो आगीचा प्रश्न. आग लागली की लिफ्ट वापरता येत नाही. जिन्यावरून उतरवणारी खुर्ची आहे का, ती कुठे टांगली आहे आणि प्रत्येक पाळीत ती चालवायला शिकलेली दोन माणसं कोण, हे नावांसकट लेखी मागा. पुढच्या सरावात तुम्हालाही प्रत्यक्ष खाली उतरवायला सांगा. "तुम्ही वरच थांबा" असं उत्तर मान्य करू नका.