फायबरच्या होडीला केसाएवढ्या चिरा

प्रश्न : मालवणात आमची पर्यटकांची फायबरची होडी आहे. दोर बांधायच्या खुंट्याभोवती जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत रंगीत थराला, बारीक चिरा पडल्यात. वरून रंग मारला तर चालेल का?

उत्तर : नको हो! माझ्या पहिल्या होडीला मी तेच केलं. दोन महिन्यांत चिरा पुन्हा हजर. आधी नाण्याने ठोकून बघा. आवाज बद्द आला तर आतलं फायबर सुटलंय, ते काम कारागिराचं. खणखणीत आला तर चीर टोकदार पात्याने व्ही आकारात रुंद करा. जीवावर येतं, पण केसाएवढ्या फटीत जेलकोट उतरतच नाही. अ‍ॅसिटोनने पुसा. १०० ग्रॅम जेलकोटला साधारण २ ग्रॅम हार्डनर (जेलकोट घट्ट करणारं द्रव्य) घालून भरा, वर प्लास्टिक चिकटवा. हवा लागली की वरचा थर चिकट राहतो. दुसऱ्या दिवशी ४००, मग ८०० नंबरच्या वॉटरपेपरने घासा. आणि खुंट्याचे बोल्ट आधी आवळा, नाहीतर चिरा परत येतील.