स्टॉपर व्हायचंय, पण शाळा सोडून?

प्रिय ताई,

तुमचं पत्र मिळालं. मूळचे तुम्ही सांगलीचे, नोकरीसाठी माल्टात. मुलगा तिकडे गेला तेव्हा सात वर्षांचा होता, आता पंधरा पूर्ण. स्थानिक क्लबच्या नर्सरीत (मुलांच्या फुटबॉल प्रशिक्षणाला तिथे नर्सरीच म्हणतात) तो स्टॉपर (बचावफळीच्या मधोमध खेळणारा बचावपटू) म्हणून खेळतो आणि पुढच्या मोसमात सीनियर संघाबरोबर सरावाला बोलावू, असं कोच म्हणालेत. एसईसीची (तिथली दहावीसारखी शालान्त) परीक्षा झाली की शिक्षण बंद, फक्त फुटबॉल, हा त्याचा हट्ट. वडिलांना तो इंजिनिअरिंगसाठी पुण्यात हवा. त्यात एक एजंट इटलीतल्या ट्रायलसाठी पैसे मागतोय.

माझं मत आधीच सांगते. शाळा सोडू नये, फुटबॉल सोडू नये आणि पुण्यालाही पाठवू नये. माल्टातल्या बचावपटूची कारकीर्द कशी घडते हे पाहिलंत, तर मी असं का म्हणते ते कळेल.

जॉन बुटीजीज हे नाव तुमच्या मुलाला ठाऊक असेलच. माल्टातल्या स्लीमा वाँडरर्स क्लबचा हा बचावपटू 1988 मध्ये 40,000 पौंडांना इंग्लंडच्या ब्रेंटफर्डकडे गेला. तेव्हा त्याचं वय पंचविशीचं होतं आणि ब्रेंटफर्ड तिसऱ्या विभागात होता. मध्ये स्विंडन क्लबकडे लोनवर (तात्पुरता उसना) जाऊन आला, मग मायदेशी परतून फ्लोरियाना क्लबकडून खेळला. देशासाठी 97 सामने खेळला आणि 2009 मध्ये राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षकही झाला. म्हणजे परदेशातली वर्षं थोडी, बाकी सगळं आयुष्य त्या 316 चौरस किलोमीटरच्या देशातल्या फुटबॉलमध्येच. याला मी अपयश मानत नाही. तिथल्या उत्तम बचावपटूची कारकीर्द अशीच असते आणि ती मानाची आहे.

झॅक मस्कट नंतरच्या पिढीचा. तो माल्टातल्या बिर्किर्कारा क्लबातून इटलीतल्या अक्रागासला गेला, पुढे अरेझोला, मग पोर्तुगालमध्ये कासा पिया आणि फारेन्से या क्लबांकडून खेळला. बाहेर पडला तेव्हा त्यानेही विशी ओलांडली होती. स्टॉपर उशिरा पिकतो, ताई. विंगरला (मैदानाच्या कडेने धावणाऱ्या आक्रमकाला) वेगाच्या जोरावर सतराव्या वर्षी संधी मिळून जाते. स्टॉपरच्या एका चुकीचा थेट गोल होतो, म्हणून प्रशिक्षक अनुभवी माणूस शोधतात. सोळाव्या वर्षी शाळा सोडून त्याला जी घाई करायची आहे, ती घाई या जागेला लागतच नाही.

आता पासपोर्टकडे वळते. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेखच केलेला नाही, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात अवघड गोष्ट तीच. माल्टाचे बचावपटू इटलीच्या खालच्या विभागांत सहज जाऊ शकतात, कारण माल्टा 2004 पासून युरोपीय संघात आहे. तुमच्या मुलाकडे भारतीय पासपोर्ट आहे आणि बिगर-युरोपीय खेळाडूंसाठी इटलीचे नियम फार आवळलेले आहेत. इंग्लंडचं दारही बुटीजीजच्या काळासारखं राहिलेलं नाही. ब्रेक्झिटनंतर तिथले क्लब परदेशातून अठरा वर्षांखालचा मुलगा घेऊच शकत नाहीत. राहिला माल्टाचा राष्ट्रीय संघ. वयाची दहा वर्षं पूर्ण होण्याआधी नव्या देशात आलेल्या मुलाला फिफा तीन वर्षांचं वास्तव्य मागते. ते त्याचं कधीच झालंय, पण नागरिकत्व लागतंच. ते देणं सरकारच्या मर्जीवर आहे आणि मिळालं तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागेल. हा निर्णय घरात शांतपणे बोलून घ्यायचा आहे.

त्याआधी एक काम हातात आहे: लाँग-टर्म रेसिडंट (दीर्घकालीन रहिवासी) दर्जा. त्याला पाच वर्षांचं सलग कायदेशीर वास्तव्य लागतं आणि माल्टात त्यासाठी माल्टी भाषेची परीक्षाही द्यावी लागते. तुम्ही दोघं कामावर इंग्रजीत निभावून नेत असाल, तरी वर्गाला नाव घाला. पुढे कॉलेजच्या फीचा प्रश्न येईल तेव्हाही हा दर्जा कामी येईल. मुलाला पुण्याला पाठवलं, तर आठ वर्षांत जमवलेलं वास्तव्य, भाषा आणि क्लबमधली ओळख हे सगळं अर्धवट राहील. वडिलांना हे जरूर वाचून दाखवा.

कोचना भेटाल तेव्हा ‘मुलगा कसा आहे’ असं मोघम विचारू नका. चेंडू येण्याआधी तो खांद्यावरून मागे पाहतो का? बचावफळी पुढे-मागे नेताना तो ओरडून सांगतो का, आणि माल्टीत सांगतो का? डाव्या पायाने वीस-पंचवीस मीटरचा पास नीट जातो का? हे विचारा. उंचीपेक्षा या गोष्टींवर स्टॉपर ठरतो. गोल खाल्ल्यावर पुढची पाच मिनिटं तो कसा खेळतो, हेही विचारा. 1983 मध्ये सेव्हिलला स्पेनकडून 12-1 अशी हार पत्करलेला हा देश आहे. तिथल्या बचावपटूला हरूनही पुढच्या सामन्यात ताठ उभं राहावं लागतं.

क्लबच्या सेक्रेटरीला एक प्रश्न लेखी विचारा: सीनियर लीगमध्ये याची नोंद स्थानिक खेळाडू म्हणून होईल की परदेशी म्हणून? तिथल्या क्लबांत परदेशी खेळाडू भरपूर असतात, त्यामुळे त्याला जागा मिळणार की नाही हे बरंचसं या उत्तरावर ठरेल.

शिक्षणाचं म्हणाल, तर एसईसीनंतर सिक्स्थ फॉर्मची (अकरावी-बारावीसारखी) दोन वर्षं. माल्टातले बरेच खेळाडू नोकरी किंवा शिक्षण सांभाळूनच खेळत आले आहेत, सराव संध्याकाळी असतो. नर्सरीचं वेळापत्रक आणि कॉलेजचं वेळापत्रक शेजारी ठेवून पाहा, कितीसे तास एकमेकांवर येतात ते दिसेल. पुस्तकी अभ्यास नकोच असेल, तर एमकॅस्ट या तिथल्या व्यावसायिक शिक्षणाच्या कॉलेजात क्रीडाविषयक अभ्यासक्रम आहेत. विज्ञानात गती असेल, तर माल्टा विद्यापीठातली फिजिओथेरपी. त्याला मैदानापासून तोडणारं शिक्षण मी सुचवत नाहीये, हे त्याला आवर्जून सांगा. बारावीच्या वयाला सीनियर संघाच्या सामन्यांत नियमित खेळायला मिळू लागलं, तर आपण पुन्हा बोलू. तेव्हा पूर्ण वेळ खेळण्याच्या बाजूने मी स्वतः त्याच्या वडिलांशी बोलेन.

एजंटला एक युरोही देऊ नका. अल्पवयीन खेळाडूशी बोलायला फिफाचा परवाना आणि पालकांची लेखी संमती, दोन्ही लागतात. त्याच्याकडे परवाना क्रमांक मागा. ट्रायलचं पत्र त्या इटालियन क्लबकडून थेट तुमच्या क्लबला येऊ दे, असं सांगा. खरी संधी असेल तर पत्र येईल.