शिबिराच्या अर्जावरची सही आणि प्रसिद्धीची संमती

प्रश्न : मी 19 वर्षांची आहे. सोळाव्या वर्षी मला रक्ताचा कर्करोग झाला. उपचार चालू असताना, कर्करोग झालेल्या किशोरवयीन मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या आधारगटात आणि निवासी शिबिरात मी सहभागी झाले होते. अर्जावर आईची सही आहे. केस गेलेल्या अवस्थेतला माझा फोटो आणि शिबिरातले माझे मनोगत संस्था आजही माझ्या नावानिशी देणग्यांच्या आवाहनात वापरते. कॉलेजात ते अनेकांच्या मोबाइलवर फिरले. ‘पालकांची लेखी संमती आहे, ती आता मागे घेता येणार नाही,’ असे संस्था सांगते. त्यांनी त्या काळात आपल्याला सांभाळले, आता वाद नको, असे आईचे म्हणणे आहे. मी काय करू शकते?

उत्तर : तुम्ही पाठवलेली अर्जाची प्रत मी वाचली. आहाराची पथ्ये, औषधांच्या वेळा आणि तातडीच्या संपर्काचा क्रमांक यांच्या खाली, बारीक अक्षरांत, ‘पाल्याची छायाचित्रे संस्थेच्या उपक्रमांसाठी वापरण्यास हरकत नाही’ एवढे एकच वाक्य त्यात आहे. नाव, आजार, मनोगत, देणग्यांचे आवाहन किंवा मुदत यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नाही आणि संमती मागे घेता येणार नाही असेही कुठे लिहिलेले नाही. मुलीला शिबिरात पाठवण्याची संमती वेगळी आणि तिचा आजार नावासकट जाहीर करण्याची संमती वेगळी. पहिल्या सहीच्या आडून दुसरी गृहीत धरता येत नाही.

भारतीय सज्ञानता अधिनियम, 1875 नुसार अठरा वर्षे पूर्ण होताच तुम्ही सज्ञान झालात. पालक अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाच्या वतीने जी संमती देतात ती मुलाच्या हितासाठी असते, आणि त्या सहीच्या जोरावर सज्ञान व्यक्तीच्या स्पष्ट नकारानंतरही तिचा खासगी तपशील वापरत राहता येईल, हा संस्थेचा अर्थ माझ्या मते न्यायालयात टिकणे अवघड आहे. तुम्ही स्वतः मनोगत व्यक्त केले होते, असा बचाव संस्था घेईल. मात्र अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते, हे करार अधिनियम, 1872 च्या कलम 11 वरून स्पष्ट आहे. शिवाय सोळाव्या वर्षी, आपल्यासारख्याच आजारातून जाणाऱ्या मुलांसमोर बंद खोलीत बोलणे म्हणजे सगळ्या जगासमोर बोलणे नव्हे. आधारगट चालतात ते याच विश्वासावर, आणि तो जपण्याची जबाबदारी चालवणाऱ्यांची असते.

व्यक्तीच्या खासगी जीवनाविषयी तिच्या संमतीवाचून काही प्रसिद्ध करणे, मग ते खरे असले तरी, नुकसानभरपाईस पात्र ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या 1994 च्या निकालात सांगितले. सार्वजनिक दस्तऐवजांसारखे अपवाद त्यात आहेत, पण ते तुमच्या प्रकरणाला लागू होत नाहीत. पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 2017 मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क म्हणून मान्यता दिली. मूलभूत हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध वापरले जात असल्याने, खासगी संस्थेविरुद्ध तुमचा सरळ मार्ग दिवाणी दाव्याचा राहील. एकदा दिलेली संमती कधीही मागे घेण्याचा हक्क डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 मध्ये स्पष्ट शब्दांत आहे. मात्र त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून या हक्कांविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यामुळे संस्थेला पाठवायच्या नोटिशीत त्याचा उल्लेख अवश्य करा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

काहीही पाठवण्यापूर्वी प्रत्येक पोस्ट, चित्रफीत आणि पत्रकाचे तारीख व दुवा दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण नोटीस मिळताच मजकूर गायब झाला तर पुरावाही जातो. त्यानंतर नोटीस म्हणून स्वतःच्या सहीचे पत्र रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. आधीची संमती, ती होती असे मानले तरी, मी मागे घेत आहे; नाव, छायाचित्र व मनोगत सर्व माध्यमांतून पंधरा दिवसांत काढावे, पुढे वापरू नये आणि कोणाकोणाला दिले ते कळवावे, एवढेच, वर सांगितलेल्या अधिनियमाच्या उल्लेखासह, त्यात लिहा. आरोप किंवा रागाचा शब्द नको. आईने तुमच्या पत्रातल्या या मागण्यांना आपली संमती असल्याचे वेगळे पत्र दिले तर संस्थेचा मुख्य आधारच निघून जातो. मिळालेल्या मदतीबद्दल त्या पत्रात मनापासून आभार मानायला काहीच हरकत नाही. आभार मानल्याने हक्क सोडला असे होत नाही.

छापून वाटलेले जुने अहवाल परत येणार नाहीत आणि इतरांच्या मोबाइलमधल्या प्रतींवर संस्थेचेही नियंत्रण नाही, हे मात्र लक्षात ठेवा. समाजमाध्यमांवरील मजकुरासाठी त्या-त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे स्वतंत्र तक्रार करता येते. संस्थेने दाद दिली नाही, तर मजकूर काढण्याचा हुकूम, कायमचा मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई अशा मागण्यांचा दिवाणी दावा लावता येईल, आणि निकाल लागेपर्यंत तात्पुरता मनाई हुकूमही मागता येईल. अज्ञान असताना घडलेल्या गोष्टींसाठी मुदत अधिनियम, 1963 च्या कलम 6 मुळे मुदत सज्ञान झाल्यापासून मोजली जाते. तरीही उशीर जितका कराल तितका तातडीच्या मनाई हुकमाचा दावा कमजोर होईल.

खर्चाची चिंता तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिली आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात ओळखपत्र, अर्जाची प्रत आणि स्क्रीनशॉट घेऊन गेलात, तर नोटीस लिहून देण्यापासूनच तुम्हाला वकिलाची मदत मिळू शकेल.