दिवा लागतो, रॉकेट उडत नाही!

प्र. : आम्ही टेक्सासात राहतो, लेकाला मॉडेल रॉकेटचं भयंकर वेड. एस्टेस कंपनीचा, रॉकेट उडवायचा चार पेन्सिल सेलवाला लॉन्च कंट्रोलर आहे. चावी घातली की दिवा लागतो पण बटण दाबलं की ढिम्म! इग्नायटर (मोटर पेटवणारी बारीक तार) बदलून पाहिले. सेल 'हेवी ड्युटी' आहेत, मल्टीमीटरवर दीड व्होल्ट दाखवतात. मग बिघडलंय काय?

उ. : ताई, त्या इग्नायटरांना बिचाऱ्यांना दोष नका देऊ, सेल बदला. स्वस्तातल्या 'हेवी ड्युटी' सेलमध्ये झिंक-कार्बन असतं, ते भिंतीवरच्या घड्याळाला ठीक. दिवा अगदी थोड्या करंटवर लागतो, इग्नायटर मात्र क्षणभर का होईना साधारण दोन अँपिअर मागतो आणि तिथे हे सेल बसतात. मल्टीमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे त्याच्यापुढे दमलेला सेलसुद्धा ताठ उभा राहतो. म्हणून लोड देऊन मोजा. इग्नायटरला लावता त्या क्लिपांना गाडीचा 21 वॅटचा ब्रेक लाइटचा बल्ब लावा, बटण दाबा आणि तेव्हाचा व्होल्टेज बघा, सहाचा तीनवर आला तर उत्तर मिळालं. चारही सेल नवे अल्कलाइन घाला, जुने-नवे मिसळू नका. क्लिपांवर काजळी धरते तीही पॉलिश पेपरने घासून काढा. आणि हो, रॉकेट उडालं नाही म्हणून लेक लगेच धावत जायचा, आधी चावी काढून पूर्ण एक मिनिट थांबायचं, हे त्याला बजावूनच ठेवा.

प्र. : दादा, मी इथे अमेरिकेत एमएस करतोय, कॉलेजच्या रॉकेट टीममध्ये आहे. आमचा अल्टिमीटर (उंची मोजून वेळेवर पॅराशूट उघडणारं यंत्र) 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. जमिनीवर व्यवस्थित बीप देतो, पण मागच्या उड्डाणात मध्येच रीसेट झाला आणि पॅराशूट उघडलंच नाही. बॅटरी तर नवीकोरी होती!

उ. : नवी असेल रे, पण आतून कशी होती? 9 व्होल्टच्या अल्कलाइन डब्यात दीड-दीड व्होल्टचे सहा सेल असतात. काही कंपन्या ते वेल्ड करून जोडतात, काही नुसते दाबून बसवतात. मोटर पेटल्याचा झटका बसला की दाबून बसवलेला जोड क्षणभर सुटतो आणि अल्टिमीटरला तेवढं पुरतं. घरी तपासता येतं. सगळे इजेक्शन चार्ज, म्हणजे पॅराशूट बाहेर फेकणारी बारूद, काढून ठेव (हे आधी, बॅटरीला हात लावायच्याही आधी!), अल्टिमीटर चालू कर आणि बॅटरी तळहातावर जरा जोरात आपट. सुरुवातीचे बीप पुन्हा पहिल्यापासून वाजायला लागले तर कनेक्शन सुटतंय. वरच्या स्नॅप कनेक्टरची गोल पाकळी सैल झाली असेल तर पक्कडीने अगदी हलकेच दाबून घे. बॅटरी दोन झिप टायने आवळ, नुसत्या टेपवर माझा विश्वास नाही. दर उड्डाणाला नवी बॅटरी लाव, काढलेली मल्टीमीटरला चालते. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी लावायची तर अल्टिमीटरला किती व्होल्ट चालतात ते मॅन्युअलमध्ये बघून लाव, कारण एका सेलची लिपो फुल चार्जलाही 4.2 व्होल्टच देते. फुगलेली लिपो मात्र परत चार्जिंगला लावू नकोस, बॅटरी रिसायकलिंगला देऊन टाक.