ते वाक्य नेहरूंचे आहे का?

प्रश्न : आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर दर काही महिन्यांनी पंडित नेहरूंचे छायाचित्र आणि त्याखाली एक वाक्य फिरते : 'मी शिक्षणाने इंग्रज, संस्कृतीने मुसलमान आणि केवळ अपघाताने हिंदू आहे.' शेवटी 'आत्मचरित्रातून' अशी पुस्तीही जोडलेली असते. मी शंका घेतली, तेव्हा 'त्यांचे विचार तसेच होते, मग वाक्य खोटे कसे?' असे म्हणून थोरल्या काकांनी मला गप्प केले. हे वाक्य नेहरूंचे आहे का, आणि अशा वाक्याची शहानिशा आमच्यासारख्यांनी कशी करावी?

उत्तर : हे वाक्य नेहरूंचे नाही. त्यांचे आत्मचरित्र जवळजवळ सगळे जून १९३४ ते फेब्रुवारी १९३५ या काळात तुरुंगात लिहिले गेले आणि १९३६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्यात हे वाक्य कुठेही नाही. आपल्याला स्वतः पाहायचे असेल, तर एक पथ्य पाळावे. नेहरूंनी पुस्तक इंग्रजीत लिहिले असल्यामुळे गटावर आलेल्या मराठी वाक्याचा शोध घेणे व्यर्थ आहे, कारण ते शब्द कोणा अज्ञात भाषांतरकाराचे आहेत. 'मुस्लिम बाय कल्चर' हे इंग्रजी शब्द मूळ मजकुरात शोधावेत.

त्या शोधात आपल्याला दुसरे एक वाक्य मात्र अवश्य भेटेल. पुस्तकाच्या समारोपात नेहरू लिहितात की आपण पूर्व आणि पश्चिम यांचे एक चमत्कारिक मिश्रण होऊन बसलो आहोत, सगळीकडेच उपरे आणि कुठेच घरचे नाही. या कबुलीत खंत आहे. फिरणाऱ्या वाक्यात खंतीचा मागमूस नाही. त्यात तीन तोलून मापून बसवलेले तुकडे आहेत आणि तिसऱ्यात डंख आहे. माणूस स्वतःबद्दल असे क्वचितच बोलतो, त्याचे विरोधक मात्र त्याच्याबद्दल नेमके असेच बोलतात.

आणि हे शब्द विरोधकाचेच आहेत. हिंदू महासभेचे नेते डॉ. नारायण भास्कर खरे यांनी नेहरूंचे असे वर्णन केले होते. १९५० मध्ये, ते महासभेचे अध्यक्ष असताना, त्यांनी ते वापरल्याची नोंद नेहरूंच्या चरित्रांत आढळते, आणि रफीक झकेरिया यांनी संपादित केलेल्या १९५९ च्या नेहरूविषयक लेखसंग्रहातील खरे यांच्या लेखातही ते आहे. हे खरे म्हणजे १९३७ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचे काँग्रेसचे मुख्यमंत्री झालेले, तेव्हाच्या भाषेत पंतप्रधान झालेले, नागपूरचे डॉक्टर खरे. पुढच्याच वर्षी काँग्रेसश्रेष्ठींशी बिनसून त्यांना ते पद सोडावे लागले होते. त्यांच्या लेखणीला धार का होती, हे समजण्यासाठी एवढा इतिहास पुरे. पुढे वाक्य हातोहात फिरत राहिले आणि कुठेतरी 'ते' जाऊन 'मी' आले. फसवणूक काय ती एका सर्वनामाची आहे, पण तेवढ्याने टीकेची कबुली झाली.

काकांच्या युक्तिवादाबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण तो अनेकांच्या तोंडी असतो आणि सर्व बाजूंच्या लोकांच्या तोंडी असतो. नेहरूंच्या विचारांवर त्यांना हवी तेवढी टीका करता येईल, आणि त्यासाठी नेहरूंच्या लिखाणाचे व भाषणांचे तब्बल शंभर खंड छापलेले आहेत. परंतु एखाद्या माणसाचे विचार अमुक होते, हा त्याने अमुक वाक्य उच्चारल्याचा पुरावा होत नाही. वाक्य जितके आपल्या मताला सोयीचे, तितकी आपण त्याची चौकशी कमी करतो. प्रस्तुत लेखकही याला अपवाद नाही.

पुराव्याच्याही पायऱ्या असतात. स्वतः लिहिलेले पुस्तक किंवा पत्र सर्वांत वर, ध्वनिमुद्रित भाषण किंवा सभागृहाचे इतिवृत्त त्याच्या बरोबरीने, त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील वार्ता, आणि सर्वांत खाली 'मला ते एकदा म्हणाले होते' ही आठवण. 'भारतावर राज्य करणारा मी शेवटचा इंग्रज', हे नेहरूंचे म्हणून सांगितले जाणारे वाक्य या शेवटच्या पायरीवर आहे. ते अमेरिकेचे तेव्हाचे राजदूत गालब्रेथ यांनी सांगितले. सांगणारा माणूस नामांकित आहे आणि नेहरूंना भेटणारा आहे, म्हणून ते बनावट म्हणता येत नाही. पण साक्षीदार एकच आहे, त्यामुळे 'गालब्रेथ यांच्या सांगण्यानुसार' हे शब्द वगळून ते उद्धृत करणे योग्य नाही.

तारीख आणि ठिकाण दिले असेल तर चौकशी सोपी होते, कारण थाप तिथेच उघडी पडते. भारतभर फिरलो पण एकही भिकारी वा चोर दिसला नाही, असे मेकॉले २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत म्हणाला, हा मजकूर आपणही वाचला असेल. त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हताच. तो जून १८३४ मध्ये मद्रासला उतरला होता आणि १८३८ पर्यंत भारतातच होता. शिक्षणाविषयीचे त्याचे प्रसिद्ध टिपण याच तारखेचे आहे, पण त्यात हा उतारा नाही. खऱ्या तारखेवर खोटे वाक्य बेतलेले आहे.

काकांना 'हे खोटे आहे' असे कळवू नये, वाद वाढेल. आत्मचरित्राचा पृष्ठक्रमांक तेवढा नम्रपणे विचारावा. जो दावा करतो, पुरावा त्याने द्यायचा असतो.

प्रश्न : छापील वाक्याचे ठीक आहे; पण चित्रफितीत नेता स्वतःच बोलताना दिसतो, तेव्हा काय करावे?

उत्तर : फितीच्या दोन्ही टोकांना काय कापले आहे, ते आधी पाहावे. राहुल गांधी यांची बटाटे घालून सोने काढणाऱ्या यंत्राची फीत नोव्हेंबर २०१७ मधील गुजरातच्या पाटण येथील भाषणाची आहे. हे शब्द माझे नाहीत, नरेंद्र मोदींचे आहेत, हे त्यांचे लगेच पुढचे बोलणे त्यातून कापलेले होते. (मोदी खरेच तसे म्हणाले होते का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याची चौकशीही याच कसोट्यांनी व्हायला हवी.) एप्रिल २०२४ मध्ये अमित शहा यांच्या आरक्षणावरील भाषणाची फेरफार केलेली फीत पसरली, तेव्हा दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला. मूळ २०२३ च्या तेलंगणातील भाषणात ते मुस्लिम आरक्षण रद्द करण्याविषयी बोलत होते. दोन्ही वेळा पूर्ण भाषण इंटरनेटवर होते आणि कोणालाही काही मिनिटांत सापडले असते. हल्ली यंत्राकडून हुबेहूब आवाज तयार करता येतो, त्यामुळे ज्या भाषणाची तारीख, जागा आणि दुसऱ्या कोनातून घेतलेले चित्रण मिळत नाही, त्याबद्दलचा निर्णय राखून ठेवावा.

सभागृहातील भाषणाबाबत एक बारकावा ध्यानात असावा. लोकसभेचे अध्यक्ष नियम ३८० नुसार असभ्य किंवा असंसदीय शब्द कामकाजातून काढून टाकू शकतात, आणि इतिवृत्तात त्या जागी फुल्या दिसतात. त्यामुळे एखादे वाक्य इतिवृत्तात नाही, एवढ्यावरून ते उच्चारलेच गेले नाही असे ठरवता येत नाही. त्या पानावर फुल्या आहेत का, हे पाहावे लागते.