तरुण मुलगा गमावल्यावर डॉ. श्रीराम लागूंनी ते दुःख कसे पेलले? आमच्या वेंगुर्ल्याच्या नाट्यमंडळातील एका ज्येष्ठ नटांनीही मुलगा गमावला आहे, त्यांना धीर देण्यासाठी हे विचारत आहे.
डॉ. लागू आणि त्यांच्या पत्नी दीपाताईंनी मुलगा तन्वीर याच्या अकाली निधनाचे दुःख रंगभूमीच्या कामाशी जोडले आणि रूपवेध प्रतिष्ठानतर्फे ‘तन्वीर सन्मान’ सुरू करून त्याच्या नावाने ज्येष्ठ रंगकर्मींचा गौरव करण्याची प्रथा घातली. पुण्यातील हा सोहळा सार्वजनिक असल्यामुळे एवढे निश्चितपणे सांगता येते. मात्र डॉक्टर उघडपणे निरीश्वरवादी होते. आपल्या वेंगुर्ल्याच्या मंडळातील ज्या ज्येष्ठ नटांसाठी आपण हे विचारले आहे, त्यांना कदाचित ग्रामदेवतेपुढचे गाऱ्हाणेच (देवाला घातलेले साकडे) धीर देईल, म्हणून हाच मार्ग त्यांच्यावर लादू नये. जत्रेच्या नाटकातील त्यांची भूमिका परस्पर दुसऱ्याला देऊ नये, तालमीला येऊन ते नुसते पेटीजवळ (हार्मोनियमजवळ) बसले तरी बसू द्यावे आणि मुलाचे नाव त्यांच्यासमोर मुळीच टाळू नये.